टूरमलीन, आई आणि बीपीची गोळी

मागच्या शनिवारी घरी गेलो तर आईच्या हातात नवीन ब्रेसलेट. गुलाबी, हिरवे, निळे, काळे मणी. दिसायला एकदम झकास! म्हटलं, कुठून घेतलं? तर म्हणे, "टूरमलीन आहे. दुकानदार म्हणाला, एकेक रंग एकेका चक्राचा, बीपी कंट्रोलमध्ये राहतं. आणि काळा मणी मोबाईलचं रेडिएशन ओढून घेतो." इथपर्यंत हसलो. मग कळलं की आठ दिवसांपासून बीपीची गोळी एक दिवसाआड चालली आहे. डोकंच सटकलं.

मंडळी, माझा राग टूरमलीनवर नाही. दगड भारीच आहे. बोरॉन असलेलं हे सिलिकेट खनिज, आणि त्याच्या स्फटिकात वेगवेगळी मूलद्रव्यं घुसतात. मँगनीज आलं की गुलाबी-लाल, म्हणजे रुबेलाईट. लोखंडाने निळा, हिरवा आणि भरपूर असेल तर काळाकुट्ट शोर्ल. क्रोमियम किंवा व्हॅनेडियमने गर्द हिरवा. तांब्याने तो झगझगीत निळा पराईबा. स्फटिक वाढताना भोवतालचं रसायन बदललं की एकाच खड्यात आत गुलाबी, बाहेर हिरवा. थेट कळमन्याच्या बाजारातलं कापलेलं टरबूज!

म्हणजे रंग हा केमिस्ट्रीचा हिशोब आहे, चक्रांचा नाही. मँगनीजने बीपी उतरत असतं तर आपल्या मनसर आणि गुमगावच्या खाणकामगारांना दवाखाना लागलाच नसता.

आता विकणाऱ्यांचा हुकमी एक्का: "टूरमलीनमधून वीज निघते, सायन्सने सिद्ध केलंय." अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त धोकादायक. तापवलं की याच्या टोकांवर विद्युतभार येतो. डच लोक म्हणे याने पाईपमधली राख ओढायचे. एपिनसने १७५६ मध्ये त्यावर प्रयोग केले. दाबल्यावरही भार येतो, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. पण हा भार तापमान किंवा दाब बदलतानाच येतो. मनगटावर दिवसभर एकाच तापमानाला पडलेला मणी काय वीज काढणार? आणि काढली तरी तिचा रक्तदाबाशी संबंध काय?

रेडिएशनचं तर आणखी सोपं. काळा मणी खरंच ते ओढत असेल तर फोनची रेंज जायला हवी. आई तेच ब्रेसलेट घालून मावशीशी पाऊण तास बोलली. एकदाही आवाज कटला नाही.

आपण इंजिनियर लोकही कमी नाही बरं का. ऑफिसात मॉनिटरशेजारी काळा टूरमलीन ठेवणारे मी पाहिलेत. कोडमधला बग लॉग बघून शोधतात आणि झोप येत नाही म्हणून दगड आणतात!

"फायदा नाही तर नुकसान तरी काय?" हा सगळ्यात आवडता डायलॉग. नुकसान मोजून आलो ना मी. रविवारी सकाळी बीपी तपासलं, १७० वर १००. दगडाने काही केलं नाही हे खरं, पण दगडाच्या भरवशावर गोळी सुटली.

तेव्हा घ्यायचं तर दागिना म्हणून घ्या. खडा नैसर्गिक आहे की रंगवलेला, हे लॅबच्या रिपोर्टसकट विचारा. आणि कोणी आजाराचं नाव काढलं की तिथून सरळ उठा.

असो. आई आता ब्रेसलेटही घालते आणि गोळीही रोज घेते. मी रोज रात्री ९ वाजता फोन करून विचारतो. गोळीबद्दल.