मासा घेण्याआधी त्याचे तोंड पाहा

२०१६ साली ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवले. धाकट्याच्या डोक्यातून ते समुद्रातले रंगीत मासे काही गेले नाहीत. नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून त्याने घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. अर्धी गल्ली बघायला आली. पंधरा दिवसांत त्यातला सर्वांत देखणा मासा मेला आणि पोराला दोन दिवस जेवण गेले नाही.

वाचकहो, तो 'रॅस' होता. रॅस ही एक जात नव्हे, पाचशेहून जास्त जातींचे कुळ आहे. आम्हाला दुकानात सांगितले, "सफाई मासा आहे, टाकी स्वच्छ ठेवतो." ही गोष्ट खोटी. बोटाएवढा, निळसर अंगावर काळा पट्टा असलेला हा मासा टाकी साफ करीत नाही. तो मोठ्या माशांच्या अंगावरचे बारीक किडे टिपून जगतो. समुद्रात मोठमोठे मासे त्याच्यापुढे तोंड उघडून उभे राहतात. आमच्या टाकीत मासे चार. त्याला रोज काय मिळणार? पोरगा खाणे टाकीत होता, तो तोंड लावीत नव्हता. तो उपाशी मेला, हे आम्हाला मागाहून कळले.

याचा एक तोतयाही आहे. रंग तोच, पट्टा तोच, पोहण्याची ढबही तीच. पण तो ब्लेनी जातीचा असून जवळ आलेल्या माशाच्या कल्ल्याचा, शेपटीचा लचका तोडतो. ओळखायची खूण म्हणजे तोंड. खऱ्या सफाई रॅसचे तोंड थेट पुढे असते, तोतयाचे नाकाडाखाली दडलेले असते.

रंगावर तर मुळीच जाऊ नये. कोरिस आयगुला नावाच्या रॅसचे पिल्लू पांढरेशुभ्र, पाठीवर दोन नारिंगी ठिपके. बघताक्षणी घ्यावेसे वाटते. तेच मोठे झाल्यावर हिरवट-काळे होऊन मीटरभराच्या पुढे वाढते. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत ते कुठे ठेवणार? शिवाय बऱ्याच रॅस माद्या पुढे नर होतात. सफाई रॅसच्या कळपातला नर मेला की सर्वांत मोठी मादी त्याची जागा घेते. म्हणून नर-मादीचाही रंग बघून भरवसा धरता येत नाही.

पाण्याचे म्हणाल तर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ लागते, म्हणजे २०० लिटरला ७ किलो. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, त्यात समुद्रातले मॅग्नेशियम, कॅल्शियम नसते. पाणी उडून कमी झाले की वरून गोडेच पाणी घालायचे, कारण मीठ उडत नाही. नवी टाकी महिना-दीड महिना माशांविना चालवावी लागते. तेवढ्यात अमोनिया पचवणारे जंतू वाढतात. आम्ही चार दिवसांत मासे सोडले, ही चूक आमचीच. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचे आणि आपल्या सोलापूरचा मे महिना चाळिशीच्या पुढचा! त्यात वीज गेली तर काय, हा प्रश्न आधी सोडवावा. बरेच रॅस उडी मारतात, म्हणून वर जाळी; काही रात्री वाळूत शिरून झोपतात, म्हणून खाली बारीक वाळू. सकाळी मासा दिसला नाही म्हणून लगेच रडू नये.

कुणी जिवंत प्रवाळ विकायला आला तर घेऊ नका. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, फसाल तुम्ही.

बाजारातले रॅस बहुतेक समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. क्लाउन माशाची पैदास मात्र हॅचरीत होते. पोराला आम्ही तेच सांगितले. टाकी सध्या माशांविना चालू आहे, तो रोज संध्याकाळी कामावरून आला की अमोनिया तपासून वहीत आकडा लिहितो.