जुना संगणक आणि अडखळणारे नाटक

गेल्या श्रावणात इंदूरला आमच्या आत्याबाईंकडे चार दिवस राहण्याचा योग आला. आत्याबाईंचे वय ७८. मुंबई-पुण्याकडील नाटक गावात आले आणि आत्याबाई पहिल्या रांगांत नाहीत, असे एके काळी घडत नसे. आता गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून नाट्यगृहाच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. सायंकाळची दिवेलागण झाली की त्या संगणकासमोर बसतात आणि यूट्यूबवर एखादे जुने नाटक, नाहीतर कीर्तन लावतात. महाराष्ट्राबाहेर जन्म काढलेल्या माणसाला घरबसल्या एवढे मराठी ऐकावयास मिळावे, हे सुख लहान नव्हे.

परंतु त्या सुखात वर्षभरापासून मिठाचा खडा पडला होता. "अरे, पात्र बोलते ते आधी ऐकू येते आणि त्याचे तोंड मागाहून हलते," त्या म्हणाल्या, "आणि तो आतला पंखा असा घोंघावतो, की पिठाची गिरणीच घरात आणून ठेवली म्हणावे!" संगणक २०१२ साली घेतलेला. दुकानदाराने त्याकडे पाहिले न पाहिले तोच, "माँजी, ये तो अब कबाड़ है," असा निकाल देऊन टाकला होता. शेजारच्यांचे मत वेगळे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोष इंटरनेटचा, सबब अधिक वेगाची जोडणी घ्यावी. आत्याबाईंनी दोन्ही मते शिरोधार्य मानून एक मुदतठेव मोडावयाचे ठरविले होते. बँकेचा कागदही भरून तयार होता. "सोमवारी जाऊन येऊ या का रे?" असे त्यांनी मला विचारले, तेव्हा शुक्रवार होता.

त्याच रात्री एक मौज दिसली. भाच्याने पेनड्राइव्हवर घालून दिलेले एक नाटक आत्याबाईंनी लावले, आणि ते त्याच 'भंगार' यंत्रावर लोण्यासारखे चालले. म्हणजे यंत्र नाटक दाखवू शकत होते. मग यूट्यूबवरील नाटकानेच त्याचे काय घोडे मारले होते?

याचे उत्तर समजावयाचे तर व्हिडिओ घरी कसा येतो हे थोडे पाहिले पाहिजे. चलच्चित्र म्हणजे एका सेकंदात पडद्यावर येणारी २५, ३० किंवा ६० स्थिरचित्रे. १०८० या प्रतीच्या एकाच चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांहून अधिक ठिपके असतात. असे ढिगारे जसेच्या तसे पाठविणे अशक्य. म्हणून ते एका सांकेतिक पद्धतीने दाबून, घडी घालून पाठवितात, आणि आपला संगणक ती घडी दर सेकंदाला तीस-तीस वेळा उलगडतो. या संकेतपद्धतीला कोडेक म्हणतात.

कोडेक एक नाही, अनेक आहेत. एच.२६४ हा २००३ सालचा. व्हीपी९ आला २०१३ मध्ये, आणि एव्ही१ त्यानंतर २०१८ मध्ये. नवा कोडेक घडी अधिक बारीक घालतो, त्यामुळे पाठविणाऱ्याची आणि आपलीही इंटरनेटची बचत होते. मात्र घडी जितकी बारीक, तितके ती उलगडण्याचे श्रम अधिक. हे श्रम हलके व्हावेत म्हणून संगणकाच्या चित्रविभागात एक खास मंडल बसविलेले असते. ते आपल्या परिचयाचा कोडेक विनासायास उलगडते, पण अपरिचित कोडेकपुढे हात टेकते. मग सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. तो तापतो, पंखा गरगरतो, आणि तरीही वेळ साधली नाही तर काही चित्रे सरळ गाळली जातात. ध्वनीचे काम हलके असल्याने तो पुढे चालत राहतो, म्हणून पात्राचे तोंड मागाहून हलते.

आत्याबाईंच्या यंत्रात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे. त्याच्या मंडलाला एच.२६४ उत्तम येतो. व्हीपी९ मात्र ते यंत्र घरात आले तेव्हा जन्मालाच आला नव्हता! इंटेलच्या प्रोसेसरांत त्याचे पुरे मंडल सातव्या पिढीपासून, म्हणजे २०१६ च्या सुमारास आले आणि एव्ही१ चे अकराव्या पिढीत, २०२० मध्ये. पेनड्राइव्हवरील नाटक एच.२६४ मध्ये होते. यूट्यूब मात्र नव्या ब्राउझरला बहुधा नव्या कोडेकमधील प्रत पाठविते. यंत्राला ज्या भाषेत बोलता येत होते, त्या भाषेत त्याच्याशी कोणी बोलतच नव्हते.

दोष इंटरनेटचा की यंत्राचा, हे घरच्या घरी ठरविता येते. चालू व्हिडिओवर माउसची उजवी कळ दाबली की एक यादी उघडते. तिच्या तळाशी 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' असे काहीसे चेष्टेचे नाव दिसेल. ते निवडले की आकड्यांचा एक चौकोन येतो. त्यातील 'बफर हेल्थ' पुढील आकडा म्हणजे आगाऊ येऊन पडलेला व्हिडिओ किती सेकंदांचा आहे ते. तो वारंवार शून्याकडे येत असेल तर इंटरनेट अपुरे. तो पुरेसा असूनही 'ड्रॉप्ड फ्रेम्स' हा आकडा चढतच असेल तर यंत्र दमले आहे असे समजावे. 'कोडेक्स' या ओळीत कोडेकचे नाव असते. तेथे ए-व्ही-सी ही रोमन अक्षरे दिसली तर एच.२६४, नाहीतर व्हीपी किंवा एव्ही अशी आद्याक्षरे दिसतील. आमच्याकडे बफर पोटभर होता, गळालेल्या चित्रांची संख्या शेकड्यांनी वाढत होती आणि कोडेक निघाला व्हीपी९. शेजारच्यांचे मत येथेच निकालात निघाले.

उपाय दोन केले. पहिला अगदी साधा. आत्याबाईंचा पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा. त्यावर १०८० ची प्रत मागविणे म्हणजे पावशेराच्या भांड्यात शेर ओतणे. व्हिडिओखालील दातेरी चक्रातून ७२० ची प्रत निवडली की ठिपके निम्म्याहूनही कमी होतात. तिथेही ७२० च्या पुढे ६० हा आकडा असेल तर सेकंदाला साठ चित्रे येतात. अशा वेळी ४८० निवडावे, म्हणजे चित्रे तिसाच्या आत राहतात. खरा गुण आला तो दुसऱ्या उपायाने. फायरफॉक्स या ब्राउझरला 'एच२६४इफाय' नावाची एक मोफत जोड मिळते. ती बसविली की ब्राउझर यूट्यूबला सांगतो, मला एच.२६४ च पाठव. त्याबरोबर सेटिंगमधील 'हार्डवेअर अॅक्सलरेशन' चालू आहे ना, तेही पाहिले. ते बंद असेल तर ओळखीच्या कोडेकचे कामही प्रोसेसरच्याच गळ्यात पडते. या मार्गाने इंटरनेटचा खप थोडा वाढतो आणि १०८० च्या वरची प्रत मिळत नाही. आत्याबाईंना दोहोंचेही सोयरसुतक नव्हते.

शनिवारी सकाळी झाकण उघडून कोमल ब्रशाने पंख्यावरील धूळ काढली. बारा-तेरा वर्षांचे ते धन पाहून आत्याबाईच लाजल्या. धुळीने कोंडलेला प्रोसेसर तापला की आपण होऊन वेग कमी करतो, तेव्हा हे काम वर्षातून एकदा तरी करावे. लॅपटॉप असेल तर तो गादीवर ठेवू नये, खालून हवा कोंडते.

एक गोष्ट मात्र मी त्यांना स्पष्ट सांगितली. या यंत्रात विंडोज १० आहे आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. नाटक-कीर्तन पाहण्यास ते खुशाल वापरावे, बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. यावर त्या म्हणाल्या, "बँकेत मी पायीच जाते रे, तेवढ्या पायऱ्या अजून चढवतात."

सोमवारी त्या गेल्याही. पासबुकात नोंद करून घेतली आणि मुदतठेवीचा तो भरलेला कागद घडी घालून परत आणला. आता तो देव्हाऱ्याच्या खणात आहे. संध्याकाळी नाटक लागले तेव्हा पंखा इतका गप्प होता, की संगणक चालू आहे ना, हे त्यांनी दोनदा वाकून पाहिले.