लाडक्या भावाच्या दारातून बहिणीनेही आत यावं

२८ जून २०२४ रोजी महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात दोन योजना एकाच दिवशी जाहीर झाल्या. एक 'माझी लाडकी बहीण', महिना दीड हजार रुपयांची. दुसरी 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण'. सरकारी कचेरीत किंवा खाजगी उद्योगात सहा महिने प्रत्यक्ष काम शिकायचं आणि त्याबद्दल बारावी झालेल्यांना ६, आयटीआय-पदविकावाल्यांना ८ आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन. ही योजना १८ ते ३५ वयाच्या मुलामुलींसाठी होती. पण बोलताबोलता तिचं नाव पडलं 'लाडका भाऊ'! बहिणीला ओवाळणी आणि भावाला कामाचा अनुभव, ही वाटणी शासननिर्णयात नव्हती. ती आपल्या मनात आधीपासून तयार होती.

मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावात सरकार म्हणजे तहसील, पंचायत समिती, नगरपरिषद. मुलगा वडिलांबरोबर सातबारा आणायला जातो, चहाच्या टपरीवर कारकुनांच्या गप्पा ऐकतो. कोणती जागा रिकामी आहे, कोणत्या परीक्षेची जाहिरात येणार, हे त्याला तिथेच कळतं. मुलगी कचेरीची पायरी चढते ती जातीचा नाहीतर उत्पन्नाचा दाखला काढायला, तीही कुणाच्या तरी मागे उभी राहून. नांदेडला रेल्वेने जाऊन बी.ए. झालेल्या मुलीलाही फेरफार कसा होतो, टिपणी कशी लिहितात, आवक-जावक म्हणजे काय, हे ठाऊक नसतं. हुशारी कमी म्हणून नव्हे. तिला तिथे कुणी बसूच दिलेलं नसतं.

म्हणून हे सहा महिने मोलाचे. १९९४ च्या राज्य महिला धोरणाने सरकारी नोकरीत स्त्रियांसाठी ३० टक्के जागांचा आग्रह धरला. २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. आरक्षणाने दार उघडलं, पण दारापर्यंतचा रस्ता कुणी बांधायचा? २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. परीक्षेची फी खुल्या गटाला १,०००, राखीव गटाला ९०० रुपये. एका घरात एकाच्याच फीचे पैसे असतील तर ती कुणाची भरली जाते, हे सांगायला नको. स्वतःच्या खात्यावर विद्यावेतन जमा होणारी मुलगी मात्र आपली फी स्वतः भरू शकते.

दुसरंही एक आहे. शेजारच्या परभणी जिल्ह्यात, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. आपल्या भागात 'शिकून घरी बसलेली' मुलगी म्हणजे स्थळं पाहायची वेळ झाली. 'तहसीलला कामाला जाते' म्हटलं की तिला थोडी सवड मिळते. त्या सवडीतच अभ्यास होतो.

तरीही जे मिळालं त्यावर समाधान मानू नये. सहा महिने संपले, २०२५ मध्ये मुदत आणखी पाच महिने वाढली. नंतर काय? हे प्रशिक्षण आहे, नोकरीवर हक्क नाही, असं आधीच सांगितलेलं. कायम करा म्हणून मुलंमुली रस्त्यावर उतरली. रिकाम्या पदांचं काम स्वस्तात उरकून घ्यायचं आणि वेळ आली की प्रमाणपत्र देऊन निरोप द्यायचा, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. मुलींच्या बाबतीत तर धोका दुहेरी. अंगणवाडी ताई, आशा यांच्या कामाला 'मानधन' म्हणत राबवून घेण्याची सवय सरकारला आहेच. त्यात 'विद्यावेतना'ची भर नको.

म्हणून अशा कोणत्याही योजनेत आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. मुलीला झेरॉक्स काढायला आणि चहा सांगायला न ठेवता प्रत्येक टेबलाचं काम शिकवावं. काय शिकली ते प्रमाणपत्रात नेमकं लिहावं. त्या अनुभवाला भरतीत काही गुण मिळावेत. कचेरीत वापरता येईल असं बायकांचं स्वच्छतागृह असावं. आणि छळाविरुद्धचा कायदा तिला पहिल्याच दिवशी सांगावा. २०१३ च्या या कायद्यात प्रशिक्षणार्थीही 'कर्मचारी' आहे, हे मुलींना कुणी सांगतच नाही. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान कचेरीतली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्यासाठी तालुक्याला एक अधिकारी नेमायचा असतो आणि त्याने ती सात दिवसांत पुढे पाठवायची असते. आपल्या तालुक्यात हा अधिकारी कोण? तहसीलमध्ये जाऊन विचारा. उत्तर मिळालं नाही, तर लेखी विचारा.

मैत्रिणींनो, बाकीचं काम आपलंच आहे. बचत गटाच्या बैठकीत पाच मिनिटं काढून गावातल्या बारावी झालेल्या मुलींची यादी करा. अर्ज भरताना सोबत बसा. एकाच गावच्या दोघीतिघी एकाच वेळी लागल्या तर जाण्यायेण्याची सोबत होते, घरच्यांचा विरोधही मावळतो. नोकरीतून निवृत्त झालेल्या बाईंना आठवड्यातून एक संध्याकाळ मागा.

सरपंच बाई झाली. आता तिच्यासमोर दप्तर उघडणारी तलाठीही बाई असू दे, आणि त्या दप्तरात काय लिहिलंय ते दोघींनाही वाचता येऊ दे.