आवाज कुणाचा?

मोटारसायकलला मराठीने 'फटफटी' म्हटले ते तिच्या आवाजावरून. तिचे रूप, वेग, किंमत यांपैकी कशाचाही विचार न करता आपल्या वाडवडिलांनी तिचे बारसे कानाने केले. धडधड, घरघर, गडगडाट अशा नादानुकारी शब्दांची तर आपल्या भाषेत रेलचेलच आहे. तेव्हा आवाजाचे आकर्षण ही आजच्या तरुणांची विकृती आहे, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी मी सहमत नाही. इंजिनाचा आवाज आवडावा यात वावगे काहीच नाही. प्रश्न आहे तो बाजारातून विकत आणून गाडीला जोडलेल्या आवाजाचा.

ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो त्याचे काम नावातच आहे. चार स्ट्रोकच्या, एका सिलिंडरच्या बुलेटमध्ये इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो. मिनिटाला ३००० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला २५ स्फोट झाले. दर स्फोटानंतरचा तापलेला, दाबलेला वायू बाहेर पडताना जो धक्का देतो, तो सायलेन्सरमधील कप्पे आणि सच्छिद्र नळ्या आपल्या अंगावर घेतात. हे कप्पे काढून टाकले की उरते ती नुसती पोकळ नळी. 'इंदोरी', 'पंजाब', 'डॉल्फिन' अशा नावांनी बाजारात मिळतात ते सायलेन्सर म्हणजे बहुतांशी या नळीचेच प्रकार. त्याने गाडीचा पिकअप वाढतो असे छातीठोकपणे सांगितले जाते. वास्तविक इंधनाचे प्रमाण नव्याने जुळविल्यावाचून नुसती नळी बदलल्याने फारसे काही हाती लागत नाही. उलट कमी वेगात गाडीची ओढ कित्येकदा घटते. वाढतो तो फक्त आवाज. १७५ सी.सी.च्या वरच्या मोटारसायकलींना कारखान्यातून निघतानाच ८० डेसिबलची मर्यादा आहे. त्यावर आणखी १० डेसिबल चढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते आणि कानाला तो सुमारे दुप्पट मोठा वाटतो.

या आवाजाला कलेच्या इतिहासातही वकील मिळाले आहेत. १९०९ साली मारिनेत्ती या इटालियन कवीने पॅरिसच्या 'फिगारो' वृत्तपत्रात आपला जाहीरनामा छापला आणि गर्जना करणारी शर्यतीची मोटार ही ग्रीकांच्या विजयदेवतेच्या पुतळ्यापेक्षा सुंदर आहे, असे त्यात ठणकावून सांगितले. त्याचाच सहकारी रुसोलो याने १९१३ मध्ये यंत्रांच्या गोंगाटाला संगीताचा दर्जा द्यावा असा निबंध लिहिला आणि पुढे गोंगाट करणारी वाद्येही तयार केली. मला हे दोघे विक्षिप्त वाटले तरी आवडतात. परंतु रुसोलोने आपला गोंगाट नाट्यगृहात मांडला. श्रोते आपल्या पायांनी आले, आणि न आवडल्यास हुर्यो करून निघून जाण्याची त्यांना मुभा होती. आपल्या गल्लीतील श्रोत्याने कुठे जावे?

स्पोर्ट्स कारला मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट बसविणाऱ्या हौशी लोकांचा अनुभव येथे पाहण्याजोगा आहे. पहिला आठवडा स्वर्गसुखाचा जातो. मग लांबचा प्रवास घडतो. चार सिलिंडरचे इंजिन २५०० फेऱ्यांवर स्थिर फिरू लागले की सेकंदाला ८३ च्या आसपास स्फोट होतात, आणि त्या कंपनाशी गाडीच्या बंद पोकळीचा सूर जुळला तर आत एकसारखी घुमघुम सुरू होते. शेजारच्याशी बोलता येत नाही, गाणे ऐकता येत नाही, डोके भणभणू लागते. हौसेने आवाज विकत घेणारा गृहस्थ मग तो कमी करण्याचा जोड विकत घेतो! कारखानदारांनी यावर तोड काढली. एक्झॉस्टमध्ये झडप बसविली: गावात बंद, मोकळ्या रस्त्यावर उघडी. बीएमडब्ल्यूच्या २०११ च्या एम५ मध्ये तर इंजिनाचा आवाज गाडीतल्या स्पीकरमधून चालकाला ऐकविण्याची सोय केली गेली. प्रथम मला याचे हसू आले. पण विचार करता हा प्रकार न्यायाचा वाटतो. ज्याला आवडतो त्याने ऐकावा.

मोटारसायकलला अशी पोकळी नाही. नळीचे तोंड मागे, आणि स्वार पुढे निघून जातो. मागे राहतात ते दम्याने बसून रात्र काढणारे आजोबा, नुकते निजलेले तान्हे मूल आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तेच पान तिसऱ्यांदा वाचणारा विद्यार्थी. आणखी एक श्रोता आहे, त्याच्याविषयी आपण सहसा बोलत नाही. चालत्या गाडीची किल्ली क्षणभर बंद करून पुन्हा चालू केली की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन भडकते व बंदुकीसारखा बार होतो. हा बार माळरानावर क्वचितच ऐकू येतो. तो मुलींच्या वसतिगृहापाशी, बसथांब्यापाशी, संध्याकाळी घोळक्याने परतणाऱ्या मैत्रिणींच्या पाठीशी होतो. दचकून बाजूला झालेल्या मुलीकडे मागे वळून हसणारा चेहरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी कृपया याला यंत्रप्रेम म्हणू नये. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण येथे हमखास वापरली जाते. मला ती फार सौम्य वाटते. पाणी कुणाला घाबरविण्यासाठी खळखळत नाही.

आणि हे त्या स्वारालाही ठाऊक असते. रात्री साडेअकराला परतताना यांतले कितीतरी वीर गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करतात आणि जवळजवळ दोन क्विंटलची गाडी ढकलत घरापर्यंत नेतात, कारण वडील जागे होतील! साऱ्या गावाला जागे करणाऱ्या गाडीला स्वतःच्या दारात मात्र पावलांचा आवाजही चालत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की तो वडील गावात प्रत्येक दारामागे आहे.

कायदा नाही असे नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली आवाजाचे मानक मोडणाऱ्यास दहा हजारांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कित्येक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरविला. छायाचित्रे छापून आली. मात्र ज्या दुकानांतून ते आले, ती दुकाने दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी उघडतात.

आपणही अगदी धुतल्या तांदळासारखे नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार महाविद्यालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो, आणि अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. स्नेहसंमेलनात आपण भिंतीएवढे स्पीकर रचतो तेव्हा हा आकडा कुणाला आठवतो? पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा' म्हणून छप्पर हादरविणाऱ्यांना मी यातून वगळतो. तो आवाज त्यांच्या स्वतःच्या घशातून निघतो, आणि पडदा वर गेला की थांबतो.

राहता राहिला कंपनीचा मूळ सायलेन्सर. तो कुणी भंगारात देत नाही. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर नीट ठेवलेला असतो. पोलिसांची मोहीम सुरू झाली की खाली उतरतो, आठवडाभर गाडीला लागतो आणि पुन्हा माळ्यावर जातो.