दाणे आमचे, पीठ परक्याचे

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ साल तर साऱ्या जगाने भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे केले. भाषणे झाली, हारतुरे झाले. आणि ती पिकविणारा? तो सुगीत सावकाराच्या तगाद्यापायी खळ्यावरूनच पोती बाजारात घालतो आणि आषाढात तालुक्याच्या दुकानातून पिठाची रंगीत पिशवी आणतो! आमच्या शाळेतील एका मुलीच्या आईने परवा अशी पिशवी आम्हास दाखविली. भाकरी थापावी तो चिरा पडतात. पडणारच. ज्वारीच्या दाण्यात तेलाचा अंश असतो. दळून फार दिवस ठेवले की पीठ खवट होते, त्याची विरी जाते. आठवड्याचे दळण आठवड्याला, हे आमच्या आयाबायांचे शास्त्र पिशवीवर कोण छापणार?

कोणी म्हणेल, मास्तर जात्याकडे परत चला म्हणतात. मुळीच नाही! जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक करणारे पंडित पहाटे उठून कधी पायलीभर दळले नाहीत. आमच्या आजीच्या तळहाताचे घट्टे आम्ही पाहिले आहेत. गावात गिरणी आली तेव्हा बाईची पहाट सुटली. ते उपकार आम्ही मानतो.

पण गिरणी गिरणीत फरक आहे. गावची गिरणी दळून देते. दाणे तुमचे, पीठ तुमचे, तिला फक्त दळणावळ. शहरचा कारखाना दाणाच विकत घेतो. निवडणे, दळणे, भरणे, छाप मारणे, साऱ्याचा नफा त्याचा. गव्हाचा कोंडा काढून मैदा करतो, आणि तोच कोंडा पोत्यात भरून आमच्याच जनावरांसाठी आम्हास विकतो! वर जुलै २०२२ मध्ये पिशवीबंद पिठावर ५ टक्के कर बसला, तोही खाणाऱ्याच्याच माथी.

मग कारखाना आमचा का नसावा? २०२० साली केंद्र सरकारने लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना काढली. खर्चाच्या ३५ टक्के, १० लाखांपर्यंत अनुदान ठेवले. आपल्यापैकी किती जणांनी अर्ज केला? सोलापुरात बायांनी कडक भाकरी विकून धंदा उभा केला. पुरुष मंडळी पारावर भावाची चर्चा करीत बसली. बँकेचा कागद म्हटला की पाय मागे, आणि लग्नाच्या मांडवासाठी सावकाराकडे अंगठा!

पाचपन्नास घरांनी निम्मी ज्वारी गावातच ठेवावी, गिरणी सामाईक घ्यावी, ताजे पीठ दर आठवड्यास सोलापूर-पुण्यास धाडावे. सुतार-लोहारांनीही यात यावे, यंत्र त्यांच्याच हातून चालायचे. कागद भरण्यास आम्ही शाळा सुटल्यावर बसतो. सातबारा असेल तर तो व पासबुक घेऊन यावे.