जयंतीला डीजे, अन् शाहिराला दुपारचं ऊन?

मंडईचे दिवस जवळ आले. भाऊबीज झाली की आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. पत्रिका छापून येतात. उद्घाटक, सहउद्घाटक, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, नावांची ही लांब रांग! अन् सगळ्यात खाली बारीक अक्षरात, "दुपारी खडी गंमत". शाहिराचं नाव असलं तर असलं, नसलं तर नसलं.

आता याच गावांतली १ ऑगस्ट आठवा. अण्णाभाऊ साठेंची जयंती. फोटोला हार, दोन भाषणं, अन् मग डीजे. ज्या माणसानं डफ-ढोलकीवर सरकारला घाम फोडला, त्याला आपण डीजेच्या भिंतीपुढे नाचून मानवंदना देतो. यात कोणालाच काही खटकत नाही, हे मला जास्त खटकते.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक काढलं. तिघंही एकटे उभे राहिले तरी मैदान भरेल असे. अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाची. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब पटेल. या लोकांनी तमाशा जसाच्या तसा जपून ठेवला नाही. गणात देवाच्या जागी मायभूमी अन् हुतात्मे आणले. गिरणी कामगाराचा पगार, बंगालचा दुष्काळ, संयुक्त महाराष्ट्र, हे सगळं ढोलकीवर आणलं. सरकारनं कार्यक्रमांवर बंदी घातली, तरी गाणं थांबलं नाही. घाट जुना, बातमी ताजी. त्यांचा वारसा तो हाच. पुतळा नव्हे, फ्लेक्स तर नव्हेच.

कोणी म्हणेल, जुनं झालं ते, आता पोरांना गिटार पाहिजे. पाहिजे तर घ्या ना! अमेरिकेत क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग नावाचा गट होता. चौघंही आधीच नावाजलेले, लोकसंगीत अन् रॉक एकत्र करणारे. ४ मे १९७० ला केंट स्टेट विद्यापीठात युद्धाविरोधात आंदोलन सुरू असताना सैनिकांनी गोळ्या घातल्या, चार विद्यार्थी मेले. महिना संपायच्या आत 'ओहायो' हे गाणं रेकॉर्ड झालं होतं. त्यात थेट राष्ट्राध्यक्ष निक्सनचं नाव! काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. हा पोवाडाच आहे जी, फक्त गिटारवर. म्हणून भांडण डफ की गिटार हे नाहीच. गाणं कोणाच्या बाजूचं, हे भांडण आहे.

अन् आपल्याकडे गाण्याला विषय कमी आहेत काय? नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये अन् कन्हानमधून आपल्या वैनगंगेत येते. गोसेखुर्दचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. प्रकल्पग्रस्त अजून दारोदार फिरतात. ९ जानेवारी २०२१ ला जिल्हा रुग्णालयाच्या आगीत दहा तान्ही बाळं गेली. धानाचे चुकारे दरवर्षी रखडतात. सांगा, किती मंडयांच्या मंचावर शाहिराला यावर मोकळेपणानं गाऊ दिलं? उलट पाहुणे खुर्चीत बसले की कानात सांगतात, "शाहीर, आज राजकारण नको, काही हसवणूक होऊ द्या." स्वच्छतेवर गा, योजनांवर गा, पण चुकाऱ्यावर गाऊ नका. काहून? पत्रिकेतल्या नावांना झोंबते म्हणून?

"लोकच येत नाहीत" हे कारण तर सांगूच नका. त्याच रात्री झाडीपट्टीच्या नाटकाला लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत थंडीत बसतात. लोक आहेत. तुम्ही शाहिराला दुपारी दोनच्या उन्हात उभं करता, अर्ध गाव पाहुण्यांच्या जेवणात असते तेव्हा. मग म्हणता, कला मरत चालली. मरत नाही, तिला उपाशी ठेवलं जाते.

माझं मंडई समित्यांना सरळ सांगणं आहे. एक, खडी गंमत संध्याकाळी ठेवा, माईक चांगला द्या. दोन, बिदागी आधी ठरवा अन् त्याच दिवशी हातात द्या. शाल-श्रीफळावर ढोलकीवाल्याची चूल पेटत नाही. तीन, काय गावं हे शाहिराला ठरवू द्या. गावच्या पोराला गिटार येत असेल तर त्यालाही ढोलकीशेजारी उभं करा.

अन् नेतेमंडळींना एवढंच. अण्णाभाऊंच्या फोटोला हार घालायचा असेल तर पहिले समोरच्या शाहिराचं पूर्ण ऐकून घ्या. टोचलं तरी बसून राहा. तेवढं जमत नसेल, तर हारही राहू द्या.