वेबकॅम घेताना ब्रँड नाही, यूव्हीसी विचारा

"मामू, आवाज येतोय, पण मी दिसतच नाहीये!" हिंगणघाटहून भाचीचा फोन आला तेव्हा तिच्या ऑनलाइन मुलाखतीला अर्धा तास उरला होता. तिच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मीच टाकून दिलं होतं. आतला कॅमेरा बंद पडला म्हणून तिने बाहेरचा वेबकॅम आणला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'फुल एचडी', आणि सोबतची ड्रायव्हरची सीडी फक्त विंडोजची. शेवटी शेजारणीच्या फोनवरून मुलाखत झाली.

चूक दुकानदाराची नाही, माझी. लिनक्स दिलं, पण त्यावर कुठला कॅमेरा चालतो ते सांगितलं नाही.

14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले, आणि अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज 11 चालत नाही. धडधाकट लॅपटॉप भंगारात घालणं हा इस्राफच. आणि चोरीचं विंडोज टाकून त्याच पडद्यासमोर मुलांना हलाल कमाईचे धडे देणं मला तरी जमत नाही. म्हणून लिनक्स. पण फुकट मिळतं म्हणून विचार न करता घ्यायचं नसतं.

वेबकॅमसाठी यूव्हीसी नावाचं एक सामाईक मानक आहे. ते पाळणाऱ्या कॅमेऱ्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. 2008 च्या 2.6.26 आवृत्तीपासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. खोक्यावर 'यूव्हीसी' किंवा 'ड्रायव्हरची गरज नाही' असं लिहिलंय का, ते बघा. सीडी टाकल्याशिवाय चालणारच नसेल, तर तो कॅमेरा सोडा.

दुसरं म्हणजे 'एमजेपेग' आहे का, ते विचारा. फुल एचडी चित्र न दाबता सेकंदाला 30 वेळा पाठवायचं तर सुमारे 1000 मेगाबिट लागतात, यूएसबी 2.0 ची मर्यादा 480 ची. चित्र दाबून न पाठवणारा कॅमेरा अडखळणारच.

आमच्या वर्धा जिल्ह्याला हा विचार नवा नसावा. 1929 मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. किंमत 150 रुपयांच्या आत हवी, खेड्यातल्या साध्या घरात चालवता यायला हवा, अशा अटी होत्या. आधी वापरणाऱ्याची गरज लिहिली, मग यंत्र मागितलं. आपण आधी खोकं आणतो, मग आपली गरज त्यात कोंबतो.

कुणी म्हणेल, गरिबाच्या पोरांवर हे प्रयोग कशाला? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच प्रयोग दुकानात करावा, मुलाखतीच्या दिवशी नाही. दुसरा कॅमेरा घ्यायला गेलो तेव्हा भाचीने लॅपटॉपच पिशवीत घेतला होता. काउंटरवर जोडला, स्वतःचा चेहरा पाहिला, मगच पैसे दिले. दुकानदाराने विचारलं, "हे कोणतं विंडोज?" ती हसली आणि त्याला समजावून सांगत बसली.